जुन्या मराठी दूरचित्रवाणी मालिकांचे पुनःप्रकाशन

जुन्या मराठी दूरचित्रवाणी मालिकांचे पुनःप्रकाशन म्हणजे कथा, कादंबरी वा नाटक यांवर आधारलेल्या आणि पूर्वी दूरदर्शनवरून प्रक्षेपित झालेल्या मालिका व्हिडिओ कॅसेट, व्हीसीडी, डीव्हीडी अथवा आंतरजालाद्वारे घरी पाहण्यासाठी पुन्हा उपलब्ध करून देणे. त्यासाठी तीन गोष्टी आवश्यक असतात : मूळ मुद्रण शिल्लक असणे, ते चालवू शकणारे यंत्र उपलब्ध असणे आणि संबंधितांचे हक्क निश्चित असणे. पहिली गोष्ट नसेल तर उरलेल्या दोन्ही निरुपयोगी ठरतात.

पार्श्वभूमी

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे त्याचे कार्यक्रम पुण्यातही दिसू लागले. पुण्यातील फिल्म इन्स्टिट्यूटची स्थापना १९६० मध्ये प्रभात स्टुडिओच्या जागेत झाली होती. दूरचित्रवाणी प्रशिक्षणाचा विभाग १९७४ मध्ये दिल्लीहून तेथे आला आणि दूरदर्शनच्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण पुण्यात होऊ लागले.

प्रमुख रूपांतरे

चिमणराव गुंड्याभाऊ : पुण्यात जन्मलेले विनोदी लेखक चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांच्या कथांवरील ही मालिका मराठीतील अगदी सुरुवातीच्या मालिकांपैकी एक होय. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती कृष्णधवल स्वरूपात प्रक्षेपित झाली. दिलीप प्रभावळकर यांनी चिमणरावांची, तर बाळ कर्वे यांनी गुंड्याभाऊंची भूमिका केली. याच जोडीचा चित्रपट १९७९ मध्ये आला. मालिका अत्यंत लोकप्रिय असूनही तिचे मोजकेच भाग शिल्लक आहेत.

स्वामी : रणजित देसाई यांच्या १९६२ मधील कादंबरीवरील ही मालिका १९८० च्या दशकात गजानन जागीरदार यांनी दिग्दर्शित केली. थोरल्या माधवराव पेशव्यांची भूमिका रवींद्र मंकणी यांनी आणि रमाबाईंची भूमिका मृणाल देव (नंतरच्या मृणाल कुलकर्णी) यांनी केली.

फितींचा पुनर्वापर

त्या काळी चित्रमुद्रणाच्या चुंबकीय फिती आयात कराव्या लागत आणि त्या महाग असत. एकाच फितीवर जुने मुद्रण पुसून नवे करता येत असल्याने प्रक्षेपणानंतर फिती पुन्हा वापरल्या जात. घरी व्हिडिओ पाहण्याची सोय सर्वत्र पोहोचली नसल्यामुळे कार्यक्रमाला प्रक्षेपणानंतरही मूल्य असेल, हा विचार रुजलेला नव्हता. ही पद्धत भारतापुरती मर्यादित नव्हती. ब्रिटनमध्ये बीबीसीनेही अशाच रीतीने फिती पुसल्या. ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे नव्वदहून अधिक भाग त्यामुळे दीर्घकाळ गहाळ राहिले.

माध्यमे

१९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली आणि पुढील काही वर्षांत व्हिडिओ कॅसेटचा प्रसार झाला. त्यानंतर व्हीसीडी लोकप्रिय झाली. तिच्या एका तबकडीवर सुमारे ७४ मिनिटांचेच चित्रण मावत असल्याने अडीच तासांच्या नाटकाला दोनहून अधिक तबकड्या लागत. डीव्हीडीमध्ये धारणक्षमता आणि चित्राची स्पष्टता दोन्ही वाढली. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ व डीव्हीडी ३४ रुपयांना विकण्यास प्रारंभ केल्यावर किमती झपाट्याने उतरल्या. भारतातील ‘पाल’ पद्धतीच्या तबकड्या अमेरिकेतील अनेक यंत्रांवर चालत नसत. तेथील मराठी कुटुंबांना ही अडचण जाणवे. प्रसारभारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज’ हे आंतरजालीय व्यासपीठ सुरू केले.

स्वामित्वहक्क

भारतीय कायद्यानुसार साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे चिं. वि. जोशी यांचे हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०२४ पासून हक्कमुक्त आहे. रणजित देसाई (मृत्यू १९९२) यांच्या लेखनावरील हक्क मात्र २०५२ अखेरपर्यंत राहील. चित्रमुद्रणावरील हक्क स्वतंत्र असून तो प्रकाशनानंतर ६० वर्षे असतो. म्हणजेच चिमणरावांच्या कथा आज कोणीही छापू शकतो, परंतु मालिकेचे उरलेले भाग हक्कधारकाच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. २०१२ च्या दुरुस्तीनुसार, करारात स्पष्ट उल्लेख नसल्यास, करारसमयी अस्तित्वात नसलेल्या माध्यमासाठी हक्क हस्तांतरित झाल्याचे मानले जात नाही.

जतनाची स्थिती

१९५४ च्या कायद्यान्वये प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना द्यावी लागते. दूरचित्रवाणी कार्यक्रम या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (स्थापना १९६४) मुख्यतः चित्रपटांसाठी आहे. परिणामी चिमणरावांची पुस्तके वाचनालयांत सहज मिळतात, पण ज्या रूपात एका पिढीने त्यांना ओळखले ते रूप बहुतांशी नष्ट झाले आहे. शिल्लक फितींचेही आयुष्य मर्यादित आहे : फितीवरील चुंबकीय थर कालांतराने सुटतो आणि ती चालवणारी यंत्रे दुर्मीळ होत जातात. त्यामुळे अंकीय प्रत करणे ही पुनःप्रकाशनाची पहिली पायरी मानली जाते.

हेही पाहा

चिं. वि. जोशी
दूरदर्शन सह्याद्री
राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय