सप्तभंगी

सप्तभंगी : एकाच वस्तूविषयी 'आहे' आणि 'नाही' ही दोन्ही विधाने खरी कशी ठरतात, हे सात वाक्यप्रकारांनी मांडणारी जैन तर्कपद्धती, स्याद्वादाचा गाभा. प्रत्येक विधान द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव यांच्या अपेक्षेने तपासायचे, हा तिचा दंडक.

'जयसिंगपूर आहे' हे विधान आजच्या कालापेक्षेने खरे, 1890 च्या अपेक्षेने खोटे. कारण राजर्षी शाहू महाराजांनी वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने हे गाव वसवले ते त्यानंतर. क्षेत्रापेक्षेने ते शिरोळ तालुक्यात आहे. कृष्णेवरचा अंकलीचा पूल ओलांडून मिरज तालुक्यात गेले, की नाही. विधानाला 'स्यात्' ('एका अपेक्षेने') जोडतात ते ही अपेक्षा ध्यानात राहावी म्हणून, शंका दाखवण्यासाठी नव्हे. संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस (1954) व जीवशास्त्रज्ञ हाल्डेन (1957) यांना सप्तभंगीत संभाव्यताशास्त्राशी नाते दिसले. कल्पना मोहक खरी, पण ओढूनताणून आणलेली.

अस्ति (आहे), नास्ति (नाही) आणि अवक्तव्य (शब्दांत न सांगता येणारे) हे मूळ तीन भंग, म्हणजे वाक्यप्रकार. त्यांच्या जोडण्यांतून उरलेले चार. कुंदकुंदाचार्यांच्या 'पंचास्तिकाया'त अवक्तव्य चौथे, तर 'प्रवचनसारा'त तिसरे येते. 'प्रवचनसारा'ची 1935 ची चिकित्सक आवृत्ती कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील प्राध्यापक आ. ने. उपाध्ये यांनी सिद्ध केली.

एका वस्तूत विरुद्ध धर्म एकदम नांदू शकत नाहीत, हा शंकराचार्यांचा आक्षेप (ब्रह्मसूत्रभाष्य 2.2.33). 'आहे आणि नाही' या भंगाला तो लागत नाही; तिथे दोन्ही गोष्टी क्रमाने आणि वेगळ्या अपेक्षांनी सांगितलेल्या असतात. पेच आहे तो अवक्तव्याचा. दोन्ही एकाच दमात सांगायचे, तर भाषा थिटी पडते. काही व्याघात (परस्परविरोधी विधाने) खरे असू शकतात असे मानणारे तर्कशास्त्र 1979 मध्ये मांडणारे ग्रॅहम प्रीस्ट यांनी 2008 मध्ये जैन तर्काची बहुमूल्यी मांडणी केली. तरीही जैनांना व्याघातवादी म्हणणे घाईचे ठरेल: अवक्तव्यात हार शब्दांची आहे, वस्तू स्वतःशी भांडते असे तिथे म्हटलेले नाही.

अनेकांत, म्हणजे वस्तूला अनेक बाजू असतात हा स्याद्वादामागचा सिद्धांत, स्वतःलाच लावला तर? जैन आचार्य समंतभद्रांनी हा प्रश्न टाळला नाही. अनेकांतही अनेकांतच, असे त्यांचे उत्तर: प्रमाणाच्या (समग्र ज्ञानाच्या) दृष्टीने अनेकांत, विशिष्ट नयाच्या (एका बाजूने पाहण्याच्या) दृष्टीने एकांत. 'हे वाक्य खोटे आहे' या वाक्याला मात्र हा उपाय चालत नाही. ते स्वतःविषयीच बोलते. काल बदला, क्षेत्र बदला, पेच तसाच राहतो.