तळटीप : शॉकअपची कळ
* जीपचा भार पाटे किंवा स्प्रिंगा पेलतात. शॉकअपचे काम त्यांची उसळी आवरण्याचे. आतले तेल बारीक छिद्रांतून रेटले जाते आणि कळ फिरवली की ही वाट रुंद किंवा अरुंद होते. वाशीम जिल्ह्यातली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरचे कच्चे रस्ते त्यामुळे उंचसखल होतात. तिथे उसळीची कळ फार आवळली, तर चाक खाली टेकायच्या आत पुढचा उंचवटा येतो, स्प्रिंग दबलेलीच राहते आणि हादरे वाढतात. हौशी चालक नेमके हेच करतात. आधी टायरमधली हवा थोडी कमी करावी, मग कळ एकेक खटका सैल करत जावी. डांबरी रस्ता लागताच हवा पुन्हा भरावी.