न्हावा-शेव्याचे १३३ कंटेनर

घातक कचऱ्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा इतिहास हा बराचसा नावे बदलण्याचा इतिहास आहे. श्रीमंत देशांत विल्हेवाटीचा खर्च वाढत गेला, तसा तेथील कचरा गरीब देशांच्या बंदरांत 'कच्चा माल' होऊन उतरू लागला. त्यास आळा घालण्यासाठी १९८९ साली बाझेल करार झाला. भारताने १९९२ मध्ये त्यास मान्यता दिली. तरीही वंगणतेल या नावाखाली टाकाऊ तेल न्हावा-शेवा बंदरात येऊन पडलेच.

१९९५ च्या एका याचिकेवरून सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये उच्चाधिकार समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे माजी संचालक, भौतिकशास्त्रज्ञ एम. जी. के. मेनन. ही निवड आम्हांला सूचक वाटते. वाद जितका कायद्याचा, तितकाच रसायनशास्त्राचा होता. कागदावर काहीही लिहिले असो, पिंपात खरोखर काय आहे हे सांगणार कोण? अखेर ५ जानेवारी २००५ रोजी न्यायालयाने आदेश दिला : १३३ कंटेनरांतील तेल भट्टीत जाळून नष्ट करावे आणि खर्च आयातदारांनी सोसावा.

राष्ट्राची नवनिर्मिती आपण अग्निबाणांत आणि संगणकांत मोजतो. परंतु दुसऱ्याने दिलेले नाव न स्वीकारता वस्तू स्वतः तपासून पाहणे, हीही विद्याच आहे. बंदरावर ती न्यायालयाच्या धाकाने आली. शेवगावसारख्या तालुक्याच्या गावी, गॅरेजमागे साठणाऱ्या काळ्या तेलाच्या पिंपापर्यंत ती धाकाविना पोहोचेल, तेव्हाच ती आपली झाली असे आम्ही म्हणू.