पुणे केंद्राच्या आठवणी: रेडिओ सार्वजनिक, आठवण खाजगी?

जुन्या आकाशवाणीचा विषय निघाला की ठरलेल्या आठवणी पुढे येतात. सकाळची सुरावट, बातम्यांवर लावलेलं घड्याळ, नाट्यगीतं आणि पुणे केंद्राचं 'गीतरामायण'. या आठवणी खोट्या नाहीत. पण त्या कुणाच्या आहेत, आणि कुणाच्या कधी विचारल्याच गेल्या नाहीत, हा आमचा प्रश्न आहे.

पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. त्या काळी रेडिओ घेणं सोपं नव्हतं. संच महाग, घरात वीज हवी, शिवाय पोस्टातून परवाना काढून दरवर्षी फी भरावी लागे. ती फी ऐंशीच्या दशकात बंद झाली. म्हणजे 'आमच्या घरी रेडिओ होता' या वाक्यात घर, वीज आणि पैसा आधीच गृहीत आहे. महारवाड्यात, मांगवाड्यात यातलं काय होतं?

१ एप्रिल १९५५ ला गीतरामायण सुरू झालं. वर्षभरात ५६ गीतं झाली. प्रस्थापितांची रेडिओची आठवण इथेच येऊन थांबते. पण त्याच केंद्राने त्याच सुमारास आणखी एक मोठं काम केलं, त्याची आठवण कुणी काढत नाही.

१९५६ च्या सुरुवातीला युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने 'रेडिओ शेतकरी मंडळां'चा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली दीडशेच्या आसपास गावं निवडली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, गावकऱ्यांनी सामायिक संचाभोवती बसायचं, ऐकायचं, चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राला कळवायचे. टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली त्याचा अभ्यास केला. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती स्पष्टपणे वाढल्याचं त्यात दिसलं. पुढे ही योजना देशभर नेली गेली. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही हा प्रयोग संवादाचा यशस्वी नमुना म्हणून शिकलो.

आमचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. संच कुठे ठेवला होता? चावडीत, देवळात की पाटलाच्या ओसरीवर? आमची माणसं आत बसली की अंगणात उभी राहिली? चर्चेत त्यांचं बोलणं ऐकलं गेलं का? अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा १ जून १९५५ पासून लागू झाला होता. कायद्याने तो संच सगळ्यांचा होता. चवदार तळंही १९२७ मध्ये कायद्याने सगळ्यांचंच होतं. तरी पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला.

बाबासाहेबांना या माध्यमाची ताकद ठाऊक होती. १९४२ मध्ये मजूरमंत्री म्हणून ते मुंबई केंद्रावरून कामगारांच्या भूमिकेवर बोलले. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरूनच त्यांनी सांगितलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नाही, बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंनी धम्मदीक्षा घेतली. पण वस्त्यांवस्त्यांत हा विचार रुजवला तो जलशांनी, भीमराव कर्डक आणि वामनदादा कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी. आमचं प्रसारण केंद्र ढोलकी आणि डफावर चालत होतं.

म्हणून जुन्या रेडिओच्या गोडव्यात हरवून जाणं आम्हाला परवडणारं नाही, आणि त्याकडे पाठ फिरवणंही चुकीचं आहे. आकाशवाणी सरकारी, म्हणजे जनतेच्या पैशाची. तिच्या इतिहासावर आपलाही हक्क आहे.

तरुण मित्रांनो, १९५६ मध्ये दहा-बारा वर्षांची असलेली माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. वस्तीतल्या आजी-आजोबांजवळ बसा. पहिला रेडिओ कुठे ऐकला, आत बसून की बाहेर उभं राहून, हे विचारा. तुमच्या मोबाईलवर त्यांचा आवाज, गाव आणि साल नोंदवून ठेवा. हे काम या वर्षी झालं नाही, तर गावातल्या रेडिओचा आपला इतिहास त्यांच्याबरोबरच जाईल आणि मागे फक्त ओसरीवरच्या आठवणी उरतील.

जय भीम!