सज्जातला माणूस

बाप, मुलगा आणि गाढव यांची इसापनीतीतली गोष्ट आपण शाळेच्या वयातच ऐकलेली असते. गाढवावर बाप बसला तरी लोक नावं ठेवतात, मुलगा बसला तरी ठेवतात. भूपेन खख्खर यांनी १९८१ साली ही गोष्ट रंगवली आणि तिच्यात स्वतःला उभं केलं.

‘यू कान्ट प्लीज ऑल’ हे तैलचित्र आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. सज्जात एक नग्न पुरुष पाठमोरा उभा आहे. तो स्वतः चित्रकार. खाली गावात तेच बापलेक एकाच चित्रात पुन्हा पुन्हा दिसतात. ही कथनरीत आपल्याला नवी नाही. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाचा नायकही असाच प्रसंगाप्रसंगात भेटतो.

या चित्राला समलैंगिकतेची जाहीर कबुली म्हणतात, ते योग्यच आहे. पण मला त्याआधीचं दशकही तितकंच महत्त्वाचं वाटतं. खख्खर १९३४ साली मुंबईत जन्मले, चार्टर्ड अकाउंटंट झाले आणि १९६२ मध्ये बडोद्याला गेले. तिथं हिशेबाचं काम सांभाळून ते चित्रं काढत. १९७२ची ‘जनता वॉच रिपेअरिंग’ आणि ‘डिलक्स टेलर्स’ पाहा. ज्यांच्याकडे कलेनं कधी वळून पाहिलं नव्हतं, अशा दुकानदार-कारागिरांचं हे जग. माझ्या मते, स्वतःबद्दल बोलण्याआधी खख्खर दुसऱ्यांचं एकटेपण वाचायला शिकत होते.

१९८० मध्ये आई गेली. पुढच्याच वर्षी सज्जातला माणूस आला. १९८२च्या ‘टू मेन इन बनारस’मध्ये तर दोन नग्न पुरुष मिठीत आहेत. असे संबंध तेव्हा गुन्हा होते. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांवरचा तो शिक्का सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये पुसला. खख्खर २००३ मध्येच गेले होते.

१९८७ मध्ये त्यांनी ‘ययाति’ही रंगवला. खांडेकरांच्या कादंबरीमुळे ययाति म्हटलं की आपल्याला अतृप्त वासना आठवते. खख्खर यांच्या चित्रात मला म्हाताऱ्या देहाची जवळिकीची भूक दिसते, आणि तिची टवाळी कुठंच नाही.

सज्जा घराचा असतो आणि रस्त्याचाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी खख्खर तिथवर आले. ‘लोक काय म्हणतील’ या प्रश्नाशी त्यांनी वाद घातला नाही. लोकांना पाठ असलेलीच गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना अंगावरचे कपडे उतरवून ठेवले.