चामडी गवसणी आणि तेलाची पारख

बंदुकीच्या इतिहासात ती झाडणाऱ्याचे नाव येते, क्वचित घडविणाऱ्याचेही येते. परंतु तिची गवसणी व तोसदान शिवणाऱ्या कारागिराचे नाव सहसा आढळत नाही. आपल्या समाजाच्या हातची ही विद्या असल्याने तिच्याविषयी दोन शब्द लिहिणे आम्ही कर्तव्य समजतो.

कोन हे गाव उल्हास नदीच्या काठी, कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यासमोर वसले आहे. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, तेव्हापासून हा मुलूख स्वराज्याच्या आरमाराशी जोडला गेला. तोड्याची बंदूक असो की पुढे आलेली चकमकीची, दारू कोरडी राहिली तरच तिचा उपयोग. खाडीकाठच्या दमट हवेत हे काम कमावलेल्या कातड्यावरच सोपविले जाई. १७८४ साली द बॉयन महादजी शिंद्यांच्या चाकरीत आला व कवायती पलटणी उभ्या राहिल्या. अशा पलटणींमुळे तोसदानांची गरज अर्थातच वाढली.

कातडे चुन्यात घालून केस काढले, बाभळीच्या सालीने वा हिरड्याने कमावले, की त्यातील मूळची स्निग्धता जाते. म्हणून त्याला तेल पाजावे लागते. हिरडा जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत विपुल आहे. तथापि तेलाची निवड ही स्वतंत्र पारख होय. जवसाचे तेल हवेत सुकून घट्ट होते. लाकडाला ते चालते, पण कातडे त्याने ताठर होऊन तडकते. एरंडेल सुकत नाही, मात्र दाट असल्याने अल्प प्रमाणातच लावावे. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली थिजते. युरोपात गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले ‘नीट्सफुट’ तेल मान्यता पावले. ते खोल मुरते, परंतु अति झाल्यास कातडे काळवंडते व सैल पडते. मधमाशांचे मेण वरून पाणी अडविते, आत पोषण करीत नाही.

वंगणाचा प्रश्न केवळ कारागिरीचा नसतो, हे १८५७ साली साऱ्या देशाने पाहिले. एन्फिल्ड काडतुसांना कोणती चरबी लावली आहे, या संशयाने शिपाई बिथरले. त्या वर्षीच्या जानेवारीअखेर सरकारने शिपायांना आपल्या पसंतीचे वंगण लावण्याची मुभा दिली. पण विश्वास परत आला नाही. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने बंदूक परवान्याची वस्तू झाली.

काही घरांत वडिलोपार्जित गवसण्या अद्याप असतील. त्यांच्यासाठी आमचे सांगणे असे. प्रथम मऊ कोरड्या कापडाने धूळ पुसावी. बुरशी दिसल्यास ती घराबाहेर हलक्या ब्रशाने झाडावी व गवसणी सावलीत वाळवावी. उन्हात वा चुलीजवळ ठेवू नये. वापरातील गवसणीस तेल लावायचे असल्यास आधी आतल्या बाजूस थेंबभर लावून रंग पाहावा, मग अगदी पातळ हात फिरवावा. जुन्या, तांबूस भुकटी झडणाऱ्या कातड्यास मात्र तेल मुळीच लावू नये. धुराच्या हवेतील गंधकाच्या आम्लाने त्याचे तंतूच मोडलेले असतात, व तेलाने ते परत जुळत नाहीत. संग्रहालयांतील जाणकारही आता अशा वस्तूंना तेल देण्याचे टाळतात. शिवाय परवान्याची बंदूक चामडी गवसणीत दीर्घकाळ ठेवू नये, विशेषतः पावसाळ्यात. कातडे दमटपणा ओढते व पोलाद गंजते.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले व तिच्या कारागिरांचे कसब कागदावर आले. गवसणी, तोसदान, मोट, पखाल व बुधला यांच्या कसबाची तशी नोंद झाली पाहिजे. साल किती दिवस मुरवावी, टाका कसा घालावा, तेल केव्हा थांबवावे, हे ज्यांच्या हाताला ठाऊक आहे ते वृद्ध आता थोडे उरले आहेत. तरी प्रत्येक कुटुंबाने आपल्या वडीलधाऱ्यांस विचारून ही माहिती त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या नावासह लिहून ठेवावी, अशी आमची सर्व समाजबंधु-भगिनींस आग्रहाची विनंती आहे.