पहिला असेंबल्ड पीसी : पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही?

बजेट कमी असले की बहुतेकांची कात्री आधी एसएमपीएसवर चालते. अकोला-अमरावतीत हीच बचत महाग पडू शकते. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांपुढे जातो आणि पंखे खोलीतलीच गरम हवा कॅबिनेटमध्ये ओढतात.

इथे वाचवा : ग्राफिक्स कार्ड लगेच घेऊ नका. रायझन ५ ५६००जीसारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असते. कार्ड नंतरही बसवता येते. इंटेल प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल, तर मात्र वेगळे कार्ड लागतेच. रंगीत दिवेही टाळा.

इथे खर्च करा : ‘८० प्लस’ प्रमाणित एसएमपीएस घ्या. तो वीज कमी वाया घालवतो, म्हणून कमी तापतो. बिननावाचा जळाला, तर मदरबोर्डही सोबत जाऊ शकतो. कॅबिनेट समोरून जाळीची, किमान दोन पंख्यांची हवी.

बिल करण्याआधी तपासा : प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम एकमेकांशी जुळतात का? ५६००जीला एएम४ सॉकेटचा मदरबोर्ड आणि डीडीआर४ रॅम लागते. १६ जीबीच्या एका रॅमपेक्षा ८ जीबीच्या दोन घ्या. आतल्या ग्राफिक्सला वेग मिळतो.

उन्हाळ्यात पीसी कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. ती हवा थंड असली तरी ओलसर असते.